घरचा पिझ्झा खालून कच्चा राहतो? या चुका टाळा

वरचं चीज करपायला आलेलं, कडा कडक झालेल्या, आणि तुकडा उचलावा तर मधला भाग गिच्च. घरच्या पिझ्झ्याची ही नेहमीची तक्रार आहे, आणि बोल मात्र यीस्टला लागतो. खरं तर खालून आच कमी पडते आणि वर पाणी जास्त होतं. घरातले सगळे मिळून पिझ्झा करायला बसले की या दोन्ही गोष्टी आणखी बिघडतात.

आधी आचेचं बघू. इटलीतल्या नेपल्स शहरात लाकडाच्या भट्टीत 430 ते 480 अंश सेल्सिअसला पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत भाजला जातो. आपला ओटीजी (घरचा छोटा विजेचा ओव्हन) 230 किंवा फार तर 250 अंशांपर्यंत जातो. त्यात थंड पातळ ट्रेवर पिझ्झा ठेवला तर ट्रे तापेपर्यंत वरचं चीज वितळूनही जातं. उपाय स्वस्त आहे. घरातला जाड लोखंडी तवा (लाकडी किंवा प्लास्टिकच्या मुठीचा नको) ओटीजीत खालच्या खाचेतल्या जाळीवर उपडा ठेवा, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू करा आणि पूर्ण आचेवर 30 मिनिटं तापू द्या. ओटीजीचा दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, तवा नव्हे. म्हणून पूर्ण अर्धा तास थांबाच. पिझ्झा बेकिंग पेपरवर तयार करून कागदासकट तव्यावर सरकवा. त्याआधी कागद किती अंश सोसतो ते पाकिटावर बघा आणि कडेचा जास्तीचा कागद कापून टाका, रॉडला लागता कामा नये. तीन-चार मिनिटांनी कागद ओढून काढला की तळ छान खरपूस होतो.

चार जणांसाठी 500 ग्रॅम मैदा, 300 ते 310 मिली पाणी, 10 ग्रॅम मीठ, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, एक छोटा चमचा साखर आणि एक मोठा चमचा तेल घ्या. साधारण 200 ग्रॅमचे चार गोळे होतात, प्रत्येकाचा 10 इंची पिझ्झा. भट्टीतल्या पिझ्झ्याला तेल-साखर लागत नाही. घरी तो आठ-दहा मिनिटं भाजावा लागतो, त्यात तेलामुळे बेस वातड होत नाही आणि साखरेमुळे रंग येतो. यीस्टसाठी पाणी बोटाला जेमतेम कोमट लागेल इतकंच हवं. चटका बसेल अशा पाण्यात यीस्ट मरतं. कणीक वापरायची असेल तर मैद्याच्या एक तृतीयांशापर्यंतच, आणि पाणी दोन-तीन चमचे वाढवून.

पीठ किती वेळ ठेवायचं हे घड्याळावर सोडू नका. मे महिन्यात पाऊण तासात दुप्पट होणाऱ्या पिठाला जानेवारीत दोन तास लागू शकतात. बोटाने दाबून बघा. खळगा झटकन भरला तर अजून थांबा, सावकाश अर्धवट भरला तर पीठ तयार आहे. खळगा तसाच राहिला आणि आंबूस वास येत असेल तर पीठ जास्त फुगलंय. ते टाकून देऊ नका. तेल लावलेल्या खोलगट ट्रेमध्ये बोटांनी पसरवून जाड पिझ्झा करा.

गोळा पसरताना आखडत असेल तर जोर लावू नका, झाकून 15 मिनिटं ठेवा, मग तो आपोआप ऐकतो. मुलांच्या हाती पिठी दिली की ती ढीगभर भुरभुरवतात. ही कोरडी पिठी तव्यावर जळून कडवट लागते. त्यांच्या हाताला थोडं तेल लावा आणि लाटण्याऐवजी बोटांनी मधून कडेकडे दाबायला सांगा. लाटण्याने कडेतली हवा निघून जाते.

आता सगळ्यांनी मिळून करताना होणारी मोठी चूक. चौघं एकाच वेळी आपापला पिझ्झा सजवतात आणि ओटीजीत मावतो एक. चौथ्याची पाळी येईपर्यंत त्याच्या बेसवर अर्धा तास सॉस मुरत असतो, मिठामुळे भाज्यांनाही पाणी सुटतं, आणि कच्चं पीठ कागदाला चिकटून बसतं. म्हणून चारही बेस मध्यभागी काट्याने टोचून आधी तीन-तीन मिनिटं कोरडेच भाजून घ्या. मग मुलांनी मक्याचे दाणे मोजून लावले तरी चालतं. पिझ्झा मात्र ओटीजीत जायच्या वेळीच सजवायचा. पुढे सहा-सात मिनिटं पुरतात.

सॉसही आटवलेलाच हवा. बाजारातल्या टोमॅटोंना पाणी फार असतं. अर्धा किलो टोमॅटोंचा रस शिजवून जेमतेम वाटीभर उरला पाहिजे. पळीने भांड्याच्या तळाशी रेघ ओढली तर ती क्षणभर टिकते, तेव्हा गॅस बंद करा. एका पिझ्झ्याला तीन मोठे चमचे बस्स. मशरूम आधी परतून घ्या, उकडलेला मका फडक्यावर कोरडा करा, सिमला मिरची आणि कांदा पातळ चिरा. मोझरेला 80 ते 100 ग्रॅम. नुसतं प्रोसेस्ड चीज वितळतं पण त्याला तार सुटत नाही. चवीसाठी थोडंसं मिसळावं, एवढंच.

एवढं करूनही तळ कच्चा निघालाच तर पिझ्झा गॅसवरच्या गरम तव्यावर मध्यम आचेवर दीड-दोन मिनिटं ठेवा, झाकण न घालता. उरलेला दुसऱ्या दिवशी गरम करतानाही तवाच घ्या, फक्त आच मंद आणि वर झाकण. मायक्रोवेव्हमध्ये तो पुन्हा वातड होतो.