नवा मासा टँकमध्ये सोडण्याआधी पाण्याची ओळख कशी करून द्यावी

दुकानातून पिशवी आणायची, पंधरा मिनिटं टँकवर तरंगत ठेवायची आणि मासा सोडून द्यायचा, बहुतेक घरांत एवढंच होतं. काही वेळा मासा जगतोही. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो पंख मिटून कोपऱ्यात बसला की दोष दुकानदाराला जातो. गोव्यात पिशवीतल्या आणि टँकमधल्या पाण्याच्या तापमानात फार अंतर नसतं. अंतर असतं ते पाण्याच्या गुणात, आणि त्याकडे कुणी बघत नाही.

आमच्या फोंड्याकडे बऱ्याच घरांत टँकला विहिरीचं पाणी घालतात. जांभ्या दगडातून झिरपलेलं हे पाणी मऊ असतं, क्षार कमी आणि बहुधा किंचित आम्लधर्मी. दुकानातला मासा मात्र मुंबई, चेन्नई किंवा कोलकात्याकडच्या पाण्यात वाढलेला असू शकतो. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सतत आत शिरत राहतं आणि मासा ते लघवीवाटे बाहेर टाकून तोल सांभाळतो. जड (जास्त क्षारांच्या) पाण्यातून एकदम मऊ पाण्यात टाकलं की हा तोल बिघडतो. पीएचचंही, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते सांगणाऱ्या आकड्याचंही, तसंच. ७ वरून ६ म्हणजे एका आकड्याचा फरक वाटतो, पण आम्लता दहापट वाढलेली असते.

मासा आणण्याआधी

टँक नवा असेल तर फिल्टर चालू करून, रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकून ते कुजू देत चार ते सहा आठवडे थांबावं लागतं. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू तेवढ्यात तयार होतात. जुन्या टँकच्या फिल्टरमधला स्पंज मिळाला तर काम लवकर होतं. ही पायरी झालेली नसेल तर पुढचं सगळं वाया जातं.

पीएच आणि जडपणा मोजायचं किट घ्या, जमल्यास टीडीएस पेनही (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं). दुकानात जाताना पेन खिशात ठेवा आणि दुकानदाराच्या परवानगीनं त्याच्या टँकचं पाणी मोजा. समजा तिथे ३०० आलं आणि तुमच्या विहिरीचं ६० आहे, तर घाई करून चालणार नाही हे तिथल्या तिथे कळतं.

निऑन टेट्रा, एंजल, गुरामी यांना विहिरीचं मऊ पाणी मानवतं. गप्पी आणि मॉलीला ते मानवत नाही. मॉली एकाच जागी राहून अंग डोलवत बसते, पुढे सरकत नाही. त्यावर आमच्याकडचा उपाय स्वयंपाकघरातच आहे. तिसऱ्या या खाण्याच्या शिंपल्यांची कवचं मांस पूर्ण काढून घासून घ्यायची, उकळायची, उन्हात वाळवायची आणि मूठभर फिल्टरमध्ये ठेवायची. शिंपलं म्हणजे चुना. आम्लधर्मी पाण्यात तो हळूहळू विरघळतो, जडपणा आणि पीएच दोन्ही वाढतात. हे मासे येण्याच्या किमान आठवडाभर आधी करायचं आणि आकडे स्थिरावल्यावरच मासे आणायचे.

नळाचं पाणी असेल तर क्लोरिन काढणारे थेंब घाला, किंवा पाणी बादलीत एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून चोवीस तास ठेवा. विहिरीच्या पाण्यात क्लोरिन नसतो असं गृहीत धरू नका. पावसाच्या तोंडावर विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरिनची जंतुनाशक पावडर टाकतात, आणि ते पाणी सरळ टँकमध्ये गेलं की माशांचे कल्ले भाजून निघतात.

दुकानात आज सकाळी आलेली खेप घेऊ नका. पाच-सहा दिवस तिथे राहून खायला लागलेला मासा घ्या. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा असावी. मे महिन्यात पिशवी स्कूटरच्या हुकाला उघडी लटकवून आणू नका, थर्माकोलच्या डब्यात किंवा जाड कापडी पिशवीत ठेवा.

मासा पिशवीत किती वेळ होता?

सगळं या प्रश्नावर ठरतं. हे मी फार महागात शिकलो. काही वर्षांपूर्वी मुंबईहून रात्रीच्या बसनं आठ कार्डिनल टेट्रा मागवले होते. सोळा तास ते पिशवीत होते. मी पिशवी उघडून पाणी-मासे बादलीत ओतले आणि जिवापाड काळजी घेत दोन तास थेंब-थेंब पाणी सोडत बसलो. अर्ध्या तासातच मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, कल्ले लाल दिसत होते. मी थेंब आणखी कमी केले. संध्याकाळपर्यंत पाच गेले.

चूक नंतर समजली. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो आणि पीएच उतरतो. त्या आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की सोड्याची बाटली उघडल्यासारखा वायू निघून जातो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी रूपात येतो. पीएच एक अंकानं चढला तर विषारी भाग सुमारे दहापट होतो. मी माशांना दोन तास त्याच पाण्यात ठेवलं होतं.

म्हणून रात्रभर प्रवास करून आलेला मासा असेल तर विक्रेत्याला आदल्या दिवशीच त्याच्या पाण्याचा पीएच आणि टीडीएस विचारा आणि एका टबात त्याच्या जवळपासचं पाणी तयार ठेवा. बंद पिशवी टबात वीस मिनिटं तरंगू द्या, मग उघडून मासे लगेच जाळीनं टबात घ्या. पुढचे काही दिवस रोज थोडं थोडं आपलं पाणी मिसळा.

जवळच्या दुकानातून आणला असेल तर

दिवे बंद करा. बंद पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवा. मग मासा पाण्यासकट स्वच्छ बादलीत सोडा. साबण कधीही न लागलेली बादली हवी. बादली टँकपेक्षा खाली ठेवा. एअरपंपाची बारीक नळी टँकमध्ये बुडवून तोंडानं ओढून पाणी सुरू करा आणि नळीला सैल गाठ मारा. गाठ आवळत न्या, धार तुटून थेंब पडायला लागतील. सेकंदाला दोन-तीन थेंब पुरेत. बादलीतलं पाणी दुप्पट झालं की अर्धं काढून टाका आणि पुन्हा दुप्पट होऊ द्या. यात पाऊण ते एक तास जातो, झिंग्यांना दोन तास द्या. बादलीवर झाकण ठेवायला विसरू नका, घाबरलेला मासा उडी मारतो.

एका तासात माशाचं शरीर पूर्ण सरावत नाही, त्याला काही दिवस लागतात. ठिबकानं पहिला धक्का तेवढा हलका होतो, म्हणूनच पाणी आधीपासून जुळवणं जास्त महत्त्वाचं.

मासा जाळीनं उचला. दुकानाचं पाणी टँकमध्ये एक कपही जाऊ देऊ नका, रोग त्यातूनही येतात. ते बागेत झाडांना घाला. विहिरीत, ओहोळात किंवा नदीत नको.

पहिले दिवस

त्या दिवशी खायला घालू नका. टँकमध्ये जुने मासे असतील तर त्यांना दुसऱ्या टोकाला थोडं खाणं टाका, म्हणजे नव्याच्या मागे लागणार नाहीत. पहिल्या रात्री रंग उडालेला दिसला तर घाबरू नका. माझ्या वाचलेल्या तीन कार्डिनलांची लाल पट्टी रात्री राखाडी झाली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी शेवाळ्याच्या मागून एक बाहेर आला तेव्हा ती पुन्हा दिसायला लागली होती.

शक्य असेल तर नवा मासा मुख्य टँकमध्ये नेण्याआधी वीस लिटरच्या वेगळ्या टबात स्पंज फिल्टर लावून तीन आठवडे ठेवा. अंगावर रव्याच्या कणासारखे पांढरे ठिपके दिसले तर ते तिथेच दिसतात. आपल्याकडच्या उष्ण पाण्यात त्या परजीवीचं चक्र साधारण आठवडाभरात पूर्ण होतं, त्यामुळे तीन आठवडे निर्धोक गेले तर मासा स्वच्छ समजायला हरकत नाही. जून-जुलैत वीज जाते, तेव्हा टबाजवळ बॅटरीवरचा एअरपंप तयार ठेवा. या तीन आठवड्यांत टबाचं पाणी बदलताना दर वेळी मुख्य टँकचंच पाणी घातलं, तर शेवटच्या दिवशी ठिबक लागत नाही. मासा जाळीत घ्यायचा आणि सोडायचा.