कण दाखवायला निघालात? मग आधी हे वाचा (इंदूरातला माझा अनुभव)

एमएस्सी फिजिक्स झालं की घरी एकच विषय असतो, पीएचडी करणार का बीएड. मला लगेच दोन्ही करायचं नव्हतं, मला लोकांना कण दाखवायचे होते. मी इंदूरची, घरी मराठी, शाळेत हिंदी, कॉलेजात इंग्रजी, आणि गेली सहा वर्षं शाळा, मराठी मंडळं, सोसायटीचे गणपती असं जिथे बोलावतील तिथे पार्टिकल फिजिक्स, म्हणजे अणूहूनही लहान कणांचं शास्त्र, घेऊन फिरतेय. आता नवीन मुलंमुली विचारतात की ताई आम्हालाही हे करायचंय, सुरुवात कुठून करू, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

पहिला कार्यक्रम नववीच्या वर्गासमोर होता. चौसष्ट स्लाइड्स केल्या होत्या, क्वार्क, लेप्टॉन, सगळा स्टँडर्ड मॉडेलचा, म्हणजे मूलभूत कणांचा, तक्ता, ४ जुलै २०१२ ला हिग्ज बोसॉन हा कण सापडल्याची घोषणा झाली तो फोटो, काही म्हणून सोडलं नव्हतं. मुलं शांत बसली, टाळ्याही वाजवल्या. शेवटी एका मुलीनं विचारलं, "दीदी, ये सब दिखता कहां है?" मी प्रोजेक्टरकडे हात केला आणि माझं मलाच वाईट वाटलं, कारण तिनं विचारलेला प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. त्या रात्री ठरवलं, आधी क्लाउड चेंबर, म्हणजे कणांची वाट दाखवणारी पेटी, करायचं, बाकी सगळं नंतर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माशांच्या टाकीसारखी काचेची पेटी घ्यायची, ती उपडी ठेवायची, वरच्या बाजूला आतून जाड फेल्ट चिकटवून ते आयसोप्रोपिल अल्कोहोलनी चिंब करायचं, खाली काळी धातूची प्लेट आणि प्लेटखाली ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, जो उणे ७८ अंशाला असतो. अल्कोहोलची वाफ खाली येता येता इतकी गार होते की तिला थेंब व्हायला फक्त निमित्त हवं असतं, आणि विद्युतभार असलेला एखादा कण तिथून गेला की वाटेत तो हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवत जातो आणि अशा भारित झालेल्या अणूंवर, म्हणजे आयनांवर, थेंब धरतात. झालं, पांढरी रेघ दिसते. याच तत्त्वाच्या चेंबरमधे १९३२ साली कार्ल अँडरसन या शास्त्रज्ञाला पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलट भाराचा जुळा, सापडला. फक्त त्याचं चेंबर वेगळ्या पद्धतीचं होतं, अचानक प्रसरण करून वाफ गार करणारं, आपलं ड्राय आइसवालं सतत चालू राहतं म्हणून कार्यक्रमाला बरं.

आता खरी कामाची माहिती. ड्राय आइस आदल्या दिवशी आणून ठेवलात तर कार्यक्रमापर्यंत निम्मा उडून जाईल, मी सुरुवातीला तीन वेळा हे केलंय. औषधं नाहीतर आइस्क्रीम गार ठेवून पाठवणाऱ्यांना कोण पुरवतं ते विचारा, त्याच दिवशी सकाळी घ्या, थर्माकोलच्या डब्यात ठेवा पण झाकण कधीही घट्ट बंद करू नका, गॅस साठून डबा फुटू शकतो. गाडीतून नेताना काचा खाली ठेवा. हातात जाड मोजे हवेतच, आणि लहान मुलांना "हात लावून बघ" असं चुकूनही म्हणायचं नाही. खोली हवेशीर हवी, कार्बन डायऑक्साइड जड असतो, खाली साचतो, त्यामुळे जमिनीवर बसलेल्या लहान मुलांच्या मधोमध पेटी ठेवू नका, टेबलावर ठेवा आणि दारं-खिडक्या उघड्या. दुसरं, आयसोप्रोपिल भरकन पेटतं. हे मुद्दाम सांगतेय कारण आपले कार्यक्रम बरेचदा गणपतीत असतात आणि शेजारी निरांजन, उदबत्ती, कापूर सगळं चालू असतं. मी आता आयोजकांना आधीच सांगते की आरती आणि चेंबर एका खोलीत नाही, कोणाला राग आला तरी चालेल. आणि कोणी सुचवलं की पेट्रोमॅक्सच्या जुन्या मँटलमधे थोरियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य असतं, ते आत ठेवलं की भरपूर रेघा दिसतात, तर नको, मुलांच्या कार्यक्रमात नको. हवेत मुळातच रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू असतो, वातावरणात वरून म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे जड भाऊ, येत असतात, तेवढं पुरतं.

पेटी लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं काहीच दिसत नाही. नवीन माणूस इथे घाबरतो आणि बोलायला लागतो. नका बोलू. टॉर्च बाजूनं, प्लेटला अगदी टेकवल्यासारखा धरा, खोलीतला उजेड कमी करा, कडेनं हवा आत जात नाही ना बघा, आणि थांबा.

मला हे काम खऱ्या अर्थानं कळलं ते सुदामा नगरमधल्या एका गणपतीत. गर्दी ओसरली होती आणि एक आजोबा खुर्ची ओढून पेटीसमोर बसले. इंदूरच्या कापड गिरणीत आयुष्य गेलेलं, गिरणी बंद पडली तेव्हा घरी बसले ते बसलेच. मी नेहमीसारखं सुरू करणार होते की हे बघा आजोबा हा म्युऑन, पण घसा बसला होता म्हणून गप्प राहिले. पाच-सात मिनिटं ते नुसते बघत होते. मग म्हणाले, "बेटा, हे सूत आहे." म्हटलं म्हणजे? तर बोट दाखवून सांगायला लागले, हे बघ हे जाड आणि आखूड, लगेच तुटतंय. हे बारीक, लांब, सरळ ताणलेलं. आणि हे पीळ बिघडलेलं, वळवळतंय.

मी उभीच राहिले. त्यांनी अल्फा कण, म्युऑन आणि कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन कोणी न सांगता वेगळे केले होते. अल्फा म्हणजे रेडॉनमधून निघणारा कण, जड, दुप्पट भाराचा, थोड्या अंतरात सगळी ऊर्जा देऊन टाकतो म्हणून रेघ जाड आणि आखूड. म्युऑन वेगात सरळ निघून जातो. हलक्या इलेक्ट्रॉनला जो तो अणू ढकलतो म्हणून त्याची वाट वाकडी. मी त्यांना हे त्यांच्याच शब्दात सांगितलं, जाड सुताचं कारण हे, बारीक सुताचं हे, आणि नावं सगळ्यात शेवटी. त्या दिवसापासून माझी पद्धत तीच आहे. समोरचा आधी बघेल, स्वतःच्या शब्दात सांगेल, मग मी बोलेन. शाळेत मुलं "गोगलगाय गेली", "विमानाचा धूर", "शेवया" म्हणतात, मी फळ्यावर तेच शब्द लिहिते आणि त्यांच्यापुढे कारणं लिहीत जाते. पण एक पथ्य पाळा, एकेका रेघेवर बोट ठेवून छातीठोकपणे "हा म्युऑनच" म्हणू नका, सरळ बारीक रेघ वेगवान इलेक्ट्रॉनचीही असू शकते. "बहुतेक म्युऑन" म्हणा, मुलांना बहुतेक हा शब्द व्यवस्थित कळतो.

रेघा बघून झाल्या की गणित द्या, आधी नको. म्युऑन साधारण १५ किलोमीटर उंचीवर तयार होतो आणि त्याचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगानं गेला तरी तेवढ्या वेळात किती अंतर होईल? मुलं गुणाकार करतात, ६६० मीटर येतं, आणि वर्गात गोंधळ सुरू होतो की मग तो आपल्या पेटीत पोचला कसा. तिथे सापेक्षता सिद्धांत आपल्या पायानं चालत येतो, वेगानं जाणाऱ्याचं घड्याळ आपल्याला हळू चालताना दिसतं, म्हणून म्युऑन आपल्या हिशोबानं जास्त जगतो, हे ऐकायला मुलं तयार झालेली असतात. सपाट ठेवलेल्या तळहाताच्या दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्युऑन जातो हे सांगितलं की सगळे आपापला हात बघतात, मोठी माणसंसुद्धा.

"पण याचा फायदा काय?" हा प्रश्न येणारच, बहुतेकदा पालकांकडून. मी पहिल्यांदा खरं उत्तर देते की जग कशाचं बनलंय हे माणसाला जाणून घ्यायचंय म्हणून. मग इंदूरचं सांगते. इथे राजा रामण्णा केंद्र या सरकारी संशोधन संस्थेत इंडस-२ हा इलेक्ट्रॉनचा त्वरक (कणांना वेग देणारं यंत्र) आहे, १७२ मीटरहून जास्त परिघाच्या रिंगमधे २.५ जीईव्हीचे (जीईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं माप) इलेक्ट्रॉन फिरतात. चोइथराम मंडीच्या आवारात त्याच केंद्राची इलेक्ट्रॉन बीमची सोय आहे, मेडिकल उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात, आणि भाजी आणायला त्या मंडीत अर्धं इंदूर जातं. आणि सगळ्यात आवडतं म्हणजे जॅक! सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेच्या २७ किलोमीटरच्या एलएचसी या कण आदळवणाऱ्या यंत्रामधे तीस टनांहून जड चुंबक ज्या जॅकवर टेकलेत, केसाच्या जाडीइतकं सरकवता येतील असे, ते जवळपास सात हजार जॅक भारतातून गेले, इथल्या केंद्राच्या कामातून. हे सांगताना मला अजून भरून येतं. हिग्ज बोसॉनला देवकण म्हणतात, तो शब्द मात्र मी वापरत नाही, त्यानं चर्चा भलतीकडे जाते आणि बोसॉन या शब्दातले सत्येंद्रनाथ बोस राहून जातात.

ड्राय आइस मिळतच नसेल तर हातावर हात ठेवून बसू नका. इंटरनॅशनल मास्टरक्लासेस २००५ पासून चालू आहेत, त्यात पंधरा ते एकोणीस वयाची मुलं एक दिवस सर्नचा खरा डेटा हाताळतात. कॉम्प्युटर लॅब आणि इंटरनेट पुरतं, ब्राउझरमधे टकरीची चित्रं उघडायची, दोन म्युऑन शोधायचे, ते ज्या कणातून आले त्याचं वस्तुमान काढायचं (तेही जीईव्हीतच सांगतात), सगळ्या वर्गाचं मिळून आलेख केला की ९१ जीईव्हीच्या आसपास उंचवटा येतो. तो झेड बोसॉन. मुलांनी स्वतः काढलेला.

पैशाचं आणि करिअरचं स्पष्ट बोलते. पहिली दोन वर्षं संध्याकाळी ट्यूशन घेऊनच माझं भागायचं. नुसतं आउटरीच, म्हणजे लोकांपर्यंत विज्ञान नेणं, म्हणून पक्की नोकरी कमी ठिकाणी असते, विज्ञान केंद्रांमधे शिक्षण विभागाची पदं असतात, भोपाळला आंचलिक विज्ञान केंद्र आहे, मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात विज्ञान शिक्षणात पीएचडी करता येते. आयआयटी इंदूर एलएचसीवरच्या अ‍ॅलिस प्रयोगात आहे, तिथल्या लोकांची व्याख्यानं ऐका, प्रश्न विचारा. आणि फिजिक्स कच्चं ठेवू नका, मुलं दुसऱ्याच प्रश्नात तळाला नेतात.

त्या आजोबांनीही नेलं होतं. निघताना विचारलं, "वरून येतंय म्हणतेस, मग सूत आडवं का दिसतंय?" दिसणारा थर जेमतेम सेंटिमीटरभर असतो, उभा येणारा कण त्यात टिंबाएवढाच दिसतो आणि तिरपा आलेला लांब, हे मला सांगता आलं, पण बोलता बोलताच सुचलं, आधी कधी विचारच केला नव्हता. दुसऱ्या दिवशी आरतीच्या आधी तासभर ते वही घेऊन आले, पेटीसमोर बसले, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाले, "तू जाड मोज, बारीक मी मोजतो."