२४० डी ला क्लच बसवला

७२ हॉर्सपॉवरचं डिझेल, त्यात ऑटो गिअर. पन्हाळा चढताना म्हैससुद्धा मागं टाकायची. म्हणून माझ्या १९८२च्या मर्सिडीज २४० डी ला चार गिअरचा मॅन्युअल बॉक्स घातला.

फ्लायव्हील, म्हणजे क्लच ज्यावर बसतो ते जड चाक, जुन्या बाजारात मिळालं, पण तसंच लावलं तर इंजिन थरथरतं. म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑटो गिअरची जुनी चकती समोर ठेवून त्याबरहुकूम बॅलन्स करून घेतलं. एवढी काळजी घेतली आणि इंजिनच्या क्रँकच्या टोकाचं, गिअरबॉक्सच्या शाफ्टला आधार देणारं पायलट बेअरिंग विसरलो! ऑटोला ते नसतंच. चढवलेला बॉक्स परत उतरवला. मिस्त्री अजून हसतात.

मग स्टार्टर गप्प. गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरू न देणारा न्यूट्रल स्विच जुन्या बॉक्सबरोबर गेलेला. त्याच्या वायरी जोडल्या, गाडी सुरू. आता गिअरमध्ये असताना चावी फिरवली तर उडी मारते, तेवढं क्लच दाबूनच.