ऑटोमॅटिक गाडीचा सेल्फ लागेना? आधी न्यूट्रल स्विच तपासा

पावसाळ्यातली सकाळ. कोल्हापूरच्या राजारामपुरीत गाडी काढायला गेलो, चावी फिरवली. डॅशबोर्डचे दिवे झकास लागले, पण सेल्फ मारायचं नाव नाही. साधी 'टक्'सुद्धा नाही. शेजारचे दोघे धक्का मारायला बाह्या सरसावून आले. ऑटोमॅटिक गाडी धक्क्यानं सुरू होत नाही, हे त्यांना पटवण्यात पाच मिनिटं गेली. फोनवर गॅरेजवाला म्हणाला, "स्टार्टर गेलाय, बदला." वैतागून गिअरचा लिव्हर 'पी' (पार्क) वरून 'एन' (न्यूट्रल) वर ओढला, तर गाडी लगेच सुरू!

असं झालं की न्यूट्रल सेफ्टी स्विचवर संशय घ्यायचा. लिव्हर 'पी' किंवा 'एन'वर असेल तरच हा स्विच सेल्फ लागू देतो, नाहीतर चालू करताच गाडी पुढच्या भिंतीवर जाईल. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सचा दिवाही याच स्विचवर असतो, त्यामुळे दोन्ही एकदम रुसले तर संशय पक्का. मॅन्युअल आणि एएमटीची (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच-गिअर आपोआप बदलणारा) भानगड वेगळी, ती इथे धरलेली नाही.

आधी फुकटातल्या तपासण्या. पूर्ण चार्ज बॅटरी मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. टर्मिनल घट्ट आहेत का, ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे लागतात का, तेही बघा. मग मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढून, पायाचा ब्रेक गच्च दाबून, एकेका जागी लिव्हर ठेवून सेल्फ मारा. 'डी' (ड्राइव्ह) किंवा 'आर' (रिव्हर्स) मध्ये सेल्फ लागला, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढूच नका.

स्विच बहुतेक वेळा गिअरबॉक्सवर, लिव्हरची केबल जिथे संपते तिथे असतो. काही गाड्यांत एअर फिल्टरचा डबा काढल्यावरच दिसतो. खालून हात घालावा लागला तर गाडी जॅक-स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

चावी बंद करून कनेक्टर काढा आणि आतल्या पिना उजेडात नीट बघा. आपल्याकडचा पाऊस, त्यात २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या. पिनांवर हिरवट गंज हमखास सापडतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या. मग गाडीच्या मॅन्युअलमधून स्टार्टरच्या दोन पिना शोधून मल्टिमीटर बीपच्या (कंटिन्युइटी) खुणेवर ठेवून लावा. 'पी' आणि 'एन'वर बीप यायला हवा, 'आर' आणि 'डी'वर नको. लिव्हर किंचित हलवल्यावरच बीप येत असेल, तर स्विच बहुधा जागेवरून सरकलाय. बोल्टची भोकं लांबट असतील, तर ते ढिले करून जुळवता येतो. बीप कुठेच नसेल, तर बदला.

बदलताना चाकांना पुढून-मागून दगड लावा, लिव्हर 'एन'वर ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. जुना स्विच कुठे बसलाय त्याची मार्करनं खूण करा. केबल सोडवा. स्विचमधून जाणाऱ्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचा नट काढताना दुसऱ्या पान्यानं शाफ्टवरचा छोटा लिव्हर धरून ठेवा, नाहीतर सगळा जोर गिअरबॉक्सच्या आत जातो. मग स्विचचे बोल्ट काढा, बहुतेकदा १० चा पाना लागतो. जुना स्विच घेऊनच दुकानात जा. शाफ्टचं भोक आणि पिनांची संख्या जुळली पाहिजे. नवा बसवताना न्यूट्रलची खूण जुळवा, मगच बोल्ट आवळा.

कुणी म्हणेल, "वायर डायरेक्ट करून देतो." नको. मग गिअरमध्येही सेल्फ लागेल, आणि घरातलं पोरगं एखाद्या दिवशी चावी फिरवेल.

माझ्या गाडीला नवा स्विच लागलाच नाही. पिना पुसल्या, स्विच केसभर सरकवला आणि पुन्हा चारही जागी सेल्फ मारून बघितला. 'आर'वर टाकल्यावर मागच्या भिंतीवर पांढरा उजेड पडला, तेव्हाच बोनेट लावलं.