ऊस हंगामाआधी जुन्या ट्रॅक्टरची ओढ कशी वाढवावी

गाळप हंगाम तोंडावर आला की माळशिरस, पंढरपूर, मोहोळकडच्या गॅरेजांत एकच मागणी ऐकू येते: "मिस्त्री, पंप जरा वाढवून द्या." इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या या पंपाचा स्क्रू फिरवला की डिझेल जास्त जातं, ट्रॅक्टर जोरात वाटतो. पण हवा तेवढीच असेल तर जादा डिझेल नीट जळत नाही; काळा धूर निघतो, इंजिन तापतं आणि पिस्टन-रिंगा लवकर जातात. म्हणून पंपाला हात सर्वांत शेवटी, तोही कंपनीने दिलेल्या मापापुरताच.

सुरुवात धुरापासून करा. भरलेली ट्रॉली ओढताना काळा धूर येत असेल तर आधी एअर क्लीनर उघडा. ऑइल-बाथ (हवेतली धूळ तेलाच्या वाटीत अडकवणारा) असेल तर वाटीतलं तेल काढून गाळ धुवा आणि खुणेपर्यंतच नवं तेल भरा. उसाच्या फडातली धूळ आणि पाचटाचा भुसा ही वाटी फार लवकर भरतो. मग डिझेल फिल्टर बदला, इंजिनात डिझेल फवारणारे नोझल टेस्टिंगला द्या, इंजिनच्या व्हॉल्व्हचं सेटिंग तपासा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. तिथे या कशाचाच उपयोग नाही, इंजिनच उघडावं लागेल. रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं पाचटही आत्ताच काढा.

चढावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, असं होतंय? क्लच घसरतोय. पेडलचा फ्री-प्ले (क्लच लागण्याआधीची मोकळी चाल) पुस्तकातल्या मापावर आणा. तरी घसरला तर प्लेट बदला.

आता चाकं. आपल्याकडे डांबरी रस्त्यावर फारसं अडत नाही. काळ्या रानातून, ओल्या पाटाशेजारून ट्रॉली बाहेर काढताना खरी परीक्षा होते. तिथे इंजिनात ताकद असते, पण मागची चाकं जागेवर फिरतात. उपाय वजनाचा. मागच्या टायरमध्ये पाणी भरा: चाक जॅकवर उचला, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणा, पाणी भरायचा ॲडॅप्टर लावून व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत भरा, मग वर हवा. टायर साधारण 75 टक्के भरतो, 13.6-28 मापाच्या टायरमध्ये 150 लिटरच्या पुढे पाणी बसतं, म्हणजे एका चाकावर तेवढेच किलो वाढले. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात, सोलापूरला त्याची गरज नाही. टायरच्या नक्षा झिजल्या असतील तर मात्र पाणी भरूनही पकड येणार नाही.

मागे वजन वाढवलं की पुढचं चाक हलकं पडतं, म्हणून पुढे लोखंडी वजनं लावा. ट्रॉली खालच्या हुकालाच जोडा. टॉप-लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी किंवा ॲक्सलच्या वर साखळी बांधून ओढलं की ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटतो; असे अपघात चालकाला सावरायला वेळ देत नाहीत. दोनचाकी ट्रॉलीत ऊस किंचित पुढे भरला तर थोडा भार हुकावर येतो आणि चाकांना पकड मिळते. किंचित म्हणजे किंचितच.

ट्रॉलीही विसरू नका. हबमधलं (चाकाच्या मधल्या तुंब्यातलं) ग्रीस सुकलंय, ब्रेक चिकटलाय, टायरची हवा कमी आहे, अशी ट्रॉली निम्मी ओढ स्वतःच खाते असं मला वाटतं. थोडं अंतर चालवून हबजवळ हात न्या. एकच हब तापत असेल तर बेअरिंग पाहा.

फडातून निघताना आधीच खालचा गियर टाका, अर्ध्यात बदलायला जाऊ नका. एक चाक रुतलं तर डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा खटका) लावा, पण सरळ जातानाच, आणि वळायच्या आत सोडा.

ओढ वाढली म्हणून दुसरी ट्रॉली जोडण्याचा मोह होतो. त्याआधी उतारावर ब्रेक भरल्या ट्रॉलीसह धरतात का ते पाहा. रस्त्यावर जाताना डाव्या-उजव्या ब्रेक पेडलची पट्टी जोडलेली हवी, ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक हवेत, आणि मागे रिफ्लेक्टर हवाच. रात्री पुणे-हैदराबाद महामार्गावर मागून येणाऱ्याला उसाची ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.