परसातल्या मत्स्यतळ्याचा पंप आणि जैविक फिल्टर

तळ्यातले पाणी हिरवे किंवा गढूळ दिसू लागले की आपल्याला फिल्टरची आठवण होते, पण माशांचा जीव घेणारे पाणी पुष्कळदा काचेसारखे नितळ असते. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात, विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून त्यात भर पडते, आणि हा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. फिल्टरमधल्या खडबडीत पृष्ठभागावर वाढणारे काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर दुसरे काही त्या विषारी नायट्राइटचे बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. दोन्ही कामांना प्राणवायू लागतो आणि तो पंपाने आणलेल्या पाण्यातूनच मिळतो. म्हणूनच रात्री आवाज येतो किंवा वीज जळते म्हणून पंप बंद ठेवण्याची सवय मला फार घातक वाटते. ४० वॉटचा पंप महिनाभर अखंड चालला तरी सुमारे २९ युनिट वीज लागते.

पंप घेण्यापूर्वी तळ्यात पाणी किती मावते ते काढावे. लांबी, रुंदी आणि खोली मीटरमध्ये मोजून त्यांच्या गुणाकाराला १०००ने गुणले की लिटर मिळतात. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि ०.८ मीटर खोल हौदात ४८०० लिटर पाणी बसते. एवढे पाणी दोन तासांत एकदा तरी फिल्टरमधून जावे, म्हणजे ताशी किमान २४०० लिटर प्रवाह हवा. खोक्यावर छापलेला आकडा पाणी मुळीच वर चढवायचे नसताना मिळणारा असतो. उंची, पाइपची लांबी आणि प्रत्येक एल्बो (पाइपचा वळणाचा जोड) यांनी तो घटत जातो. त्यामुळे पंप जोडून झाल्यावर परतीच्या पाइपाखाली २० लिटरची बादली धरावी. ती ३० सेकंदांत भरली तर ताशी २४०० लिटर मिळत आहेत. मिनिटभर लागला तर पंप अपुरा आहे.

फिल्टरसाठी २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम पुरेसा होतो, मात्र त्यात पूर्वी रसायन भरलेले नसावे. पाणी पाइपाने ड्रमच्या तळाशी सोडावे, म्हणजे जड गाळ तिथेच बसतो आणि पाणी वर चढत जाते. वाटेत आधी जाड छिद्रांचा फोम आणि त्यावर जिवाणूंसाठी बायोबॉल (प्लास्टिकचे जाळीदार गोळे), लाव्हा खडक किंवा चांगल्या भाजलेल्या विटांचे धुतलेले तुकडे असावेत. बारीक खडी टाळावी, कारण ती लवकर तुंबते. तळाशी गाळ सोडण्यासाठी बॉल व्हॉल्व्ह बसवावा. परतीचा पाइप आत येणाऱ्या पाइपापेक्षा बराच जाड ठेवावा, कारण तो बारीक असला तर ड्रम काठोकाठ भरून बाहेर वाहतो आणि तळे रिकामे होऊ लागते. याच धास्तीपोटी पंप तळाला न टेकवता विटांवर थोडा उंच ठेवावा, म्हणजे पाइप निसटला तरी माशांपुरते पाणी शिल्लक राहते.

नव्या फिल्टरमध्ये जिवाणू स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात मासे मोजकेच सोडावेत, खाद्य चिमटीभर द्यावे आणि चाचणी संचाने अमोनिया व नायट्राइट तपासत राहावे. आकडा वर गेला तर चौथा हिस्सा पाणी बदलावे, आणि नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी घालवून मगच ते तळ्यात सोडावे. एखाद्या जुन्या, निरोगी तळ्यातला फोमचा तुकडा मिळाला तर हा काळ बराच कमी होतो.

सर्वांत जास्त नुकसान साफसफाईच्या उत्साहात होते. एका मे महिन्यात मी ड्रम रिकामा करून फोम आणि विटांचे तुकडे नळाखाली लख्ख धुतले, आणि गाळासोबत जिवाणूही गेले. चौथ्या दिवशी पहाटे पाहतो तो मासे परतीच्या धारेखाली गोळा होऊन पृष्ठभागावर तोंडे उघडमीट करत होते आणि त्यांचे कल्ले भराभर हलत होते. दोन कोई मासे त्याच दिवशी मेले. त्यानंतर मी फोम फक्त तळ्याच्याच बादलीभर पाण्यात पिळतो, विटांना गरजेशिवाय हात लावत नाही, आणि फोम व विटा यांची सफाई कधीही एकाच दिवशी करत नाही.

वीज गेली तर तासा-दोन तासांत काही बिघडत नाही. पण सहा-आठ तास प्रवाह थांबला की ड्रममधला प्राणवायू संपतो आणि जिवाणू मरू लागतात. वीज आल्यावर पंप सुरू करण्याआधी व्हॉल्व्ह उघडून ते साचलेले, वास मारणारे पाणी बागेत सोडावे. ते तळ्यात गेले तर मासे दगावू शकतात. उन्हाळ्यात अधिक जपावे, कारण २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना साडेसातच. इन्व्हर्टरवर निदान एक एअर पंप तरी जोडून ठेवावा.

पंपाच्या जोडणीला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढलेला असावा. पावसाळ्यात प्लगची जागा पागोळ्यांपासून दूर आहे ना, आणि तार प्लगकडे जाताना मध्ये खाली झोल घेते ना, हे पहिल्या सरीआधी पाहून घ्यावे, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी त्या झोलावरूनच खाली ठिबकते.