घर लावताना वस्तूच्या आधी तिचे सुटे भाग शोधा

पुण्यात नोकरीला किंवा शिकायला येऊन पहिल्यांदाच स्वतःचं घर लावणारे बरेच जण विचारतात, ताई कुकर कुठला घेऊ, पंखा कुठला चांगला, पाण्याचा आरओ लागतोच का... म्हटलं एकदाच सविस्तर लिहावं. माझा नियम साधा आहे. कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी दुकानदाराला विचारायचं की हिचा जो भाग सगळ्यात आधी झिजणार तो कुठे मिळतो आणि कितीला मिळतो. उत्तर पटकन आलं तर वस्तू घ्या, "काही होत नाही हो त्याला" असं आलं तर पुढच्या दुकानात जा.

सुरुवात कुकरपासून, कारण रोज लागतो. कुकरची रिंग सैल होते, शिट्टी झिजते, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलावा लागतो, त्यामुळे ज्या ब्रँडचे हे तिन्ही भाग तुमच्या कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात लटकलेले दिसतात तोच घ्या. हॉकिन्स आणि प्रेस्टिज दोन्हींचे मिळतात. आतल्या झाकणाचा की बाहेरच्या हा खरा प्रश्न आहे. आतल्या झाकणाचा कुकर वाफेच्या दाबानेच घट्ट बसतो आणि दाब उतरल्याशिवाय उघडत नाही, म्हणून मला तो जास्त सुरक्षित वाटतो, पण त्याचं तोंड लहान असतं आणि आपल्याकडे वरणभाताचे डबे एकावर एक ठेवून शिजवायची सवय, मग घरातले डबे आत जातच नाहीत. म्हणून दुकानात जाताना आपला डबा पिशवीत घालून न्या आणि तिथेच आत घालून बघा, लाजायचं काही कारण नाही. दोघांना ३ लिटर, चौघांना ५ लिटर पुरतो. आमटी, टोमॅटोचं सार, चिंचेचं काहीही थेट कुकरमध्ये करणार असाल तर साधा अ‍ॅल्युमिनियमचा नको, आंबटाने तो काळा पडतो, स्टीलचा जाड बुडाचा घ्या. आणि आयएसआयचा शिक्का बघितल्याशिवाय कुकर हातात घेऊ नका, त्याखाली आयएस २३४७ असं लिहिलेलं असतं. सेफ्टी व्हॉल्व्ह बदलताना पाचदहा रुपये वाचवायला लोकल बसवू नका, त्याच कंपनीचा बसवा. तो व्हॉल्व्ह ठरलेल्या तापमानाला वितळून वाफ सोडून देण्यासाठीच असतो, आणि भलताच बसवला तर तो वितळायचा तेव्हा वितळेल याची खात्री काय?

आता तवा. यावर मी कितीही बोलू शकते. नॉनस्टिकचा कोटिंग एकदा गेला की तो तवा संपला, दुरुस्ती नाहीच. बिडाचा (कास्ट आयर्नचा) किंवा लोखंडी तवा मात्र कितीही बिघडला, गंजला, कोणी साबण लावून रात्रभर भिजवून ठेवला तरी घासून परत तयार करता येतो, त्याला सुटा भाग लागतच नाही. भाकरी पोळीला लोखंडी, धिरडी घावन डोशाला बिडाचा. तुळशीबागेत आणि रविवार पेठेत बोहरी आळीत दोन्ही मिळतात. घेताना वरून हात फिरवा, खडबडीत कणकण लागले तर घासकाम नीट झालेलं नाही. पांढऱ्या रुमालाने पुसून बघा, काळा रंग उतरत असेल तर नको. बिडाचा तवा उलटा धरून बुडाला चीर आहे का तेही बघा, बीड कडक पण ठिसूळ असतं, वरून पडलं तर फुटतं आणि तापलेल्या तव्यावर एकदम गार पाणी ओतलं तरी तडकू शकतं. वजन दुकानातच एका हाताने उचलून बघा, ज्यांचं मनगट दुखतं त्यांनी बिडाचा लहानच घ्यावा.

घरी आणल्यावर एकदा साबणाने धुवा, गॅसवर पूर्ण कोरडा करा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि धूर येईपर्यंत तापवा. गार होऊ द्या. असं चारपाच वेळा करा, मधे एकदा अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर घासा. इथे तेल जास्त लावायची घाई बरेच जण करतात, मग चिकट थर बसतो. पहिले काही दिवस फक्त तेलातले पदार्थ करा, डोसा लगेच नको. रोजचं काम झाल्यावर गरम पाण्याने धुवायचा, गॅसवर मिनिटभर कोरडा करायचा, तेलाचं बोट फिरवायचं, बास. लोखंडी कढईत चिंच टोमॅटो घालून भाजी तशीच ठेवू नका, रंग काळा पडतो आणि चव लोखंडी लागते.

स्टीलच्या भांड्यांबद्दल एक गोष्ट सांगायचीच आहे. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, "चिकटत नाही म्हणजे ३०४ आहे". ३०४ ला साधारणपणे चिकटत नाही हे खरं, पण स्वस्त २०२ ला पण चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाने काहीच सिद्ध होत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं आणि मीठ पाणी लागून ते लवकर डागाळतं. भांड्यावर कोरलेला ग्रेड आणि पक्क्या बिलावर लिहिलेला ग्रेड, एवढंच बघा. चुंबक न्या, पण इंडक्शनसाठी. बुडाला चिकटला तर भांडं इंडक्शनवर चालेल.

तांब्यापितळेची हौस असेल तर मॉलमध्ये जाण्याआधी कसबा पेठेतल्या तांबट आळीत चक्कर मारा. पेशव्यांच्या काळापासून तिथे तांब्याचं काम चालतं आणि मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून भांड्यावर उठवलेले ते चकचकीत ठिपके, तिथे हाताने होताना बघता येतं. ते नुसतं दिसायला छान म्हणून नसतं बरं का, ठोकल्याने पत्रा कडक होतो आणि भांडं पटकन चेमटत नाही. पाणी प्यायला तांब्याचा तांब्या जरूर घ्या, फक्त त्यात लिंबूपाणी ताक काही ठेवायचं नाही. स्वयंपाकाला पितळी पातेलं घ्यायचं तर आतून कल्हई, म्हणजे कथलाचा थर, हवीच आणि कल्हई उडाली की परत करून घ्यायची, म्हणून घेतानाच विचारून ठेवा कल्हई कुठे करून मिळेल. जायला मेट्रो सोपी, कसबा पेठ स्टेशनला उतरा, आणि तुळशीबाग बोहरी आळीसाठी त्याच लाइनवरचं मंडई स्टेशन. गाडी नेऊ नका, पार्किंग शोधण्यात खरेदीचा सगळा उत्साह जातो.

मिक्सर. दोघांच्या घराला ५०० वॅटचा पुरतो, ओलं खोबरं, इडलीचं पीठ, कोरडा मसाला असं सगळं करणार असाल तर ७५० घ्या. झिजतं काय तर भांड्याखालचा कपलर, बुश आणि झाकणाची रिंग. या गोष्टी मिळतात, पण नेहमीच्या ब्रँडच्याच मिळतात, ऑनलाइन दिसलेल्या अनोळखी नावाच्या नाही. आणि मिक्सर चालता चालता एकदम बंद पडला तर लगेच दुरुस्तीला नेऊ नका! बऱ्याच मॉडेलला खाली एक छोटं लाल बटण असतं, लोड जास्त झाला की ते बाहेर येतं, थोडा वेळ गार होऊ द्या आणि दाबा. कितीतरी जणांना हे माहीतच नसतं.

पंखा घेताना हल्ली सगळे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, घ्या म्हणतात. फायदा खरा आहे. साधा पंखा ७० ते ८० वॅट खातो, हा ३० च्या आसपास. रोज १२ तास चालवला तर दिवसाला अर्धा युनिट वाचतो, महिन्याला १५-१६ युनिट, तेही एका पंख्याचे. महावितरणच्या बिलावर तुमचा युनिटचा दर बघा आणि गुणाकार करा, इन्व्हर्टर असेल तर वीज गेल्यावर तो पण जास्त वेळ पुरेल. पण माझा नियम इथे सगळ्यात जास्त लागू होतो. साध्या पंख्याचा कपॅसिटर गेला तर गल्लीतला इलेक्ट्रिशियन लगेच बदलून देतो, बीएलडीसीचा सर्किट बोर्ड गेला तर कंपनीकडेच जावं लागतं. म्हणून घरी येऊन दुरुस्त करून देणारी वॉरंटी किती वर्षं आणि नंतर बोर्ड कितीला, हे आधी विचारा. रिमोट हरवला तर भिंतीवरच्या बटणाने वेग बदलतो का तेही. छताच्या पंख्यांवर २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचं आहे, ते बघून घ्या. भाड्याच्या घरात वर्षभरच राहणार असाल तर मात्र साधा पंखा घ्या, उगाच जास्त पैसे घालू नका.

आरओ लागतो का? आधी पाणी मोजा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा मीटर दोनतीनशे रुपयांत येतो, सोसायटीत एकाने घेतला तरी सगळ्यांना पुरतो. पेठांमध्ये, कोथरूडला खडकवासल्याचं पाणी येतं आणि ते मऊ असतं, टीडीएस कमी. तिथे आरओ लावणं म्हणजे चांगलं पाणी अर्ध्याहून जास्त मोरीत सोडणं, यूव्ही (अतिनील किरणांचा) किंवा यूएफ (बारीक गाळणीचा) फिल्टर पुरतो. वाघोली, बाणेर, हिंजवडीकडे जिथे टँकर आणि बोअर आहे तिथे वेगळं, नळाचं पण मोजा आणि टँकर आलेल्या दिवशी परत मोजा. बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या, पिण्याच्या पाण्याच्या मानकात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चांगलं धरलंय, कायम त्याच्या वर येत असेल तर आरओ घ्या. टीडीएस कमी म्हणजे जंतू नाहीत असं नाही हं, मीटर फक्त विरघळलेले क्षार सांगतो. आणि मशीनची किंमत बघून भुलू नका, वर्षाच्या फिल्टरचा आणि मेंब्रेनचा खर्च लिहून घ्या, खरा खर्च तोच. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशीला वापरा.

आता दोन वस्तू अशा ज्यांना दुरुस्ती चालतच नाही, तिथे फक्त शिक्का बघायचा. पहिली हेल्मेट. पुण्यात दुचाकीशिवाय भागत नाही आणि रस्त्याकडेला स्वस्तात ढीग लावलेले असतात, ते घेऊ नका प्लीज. आयएसआय, आयएस ४१५१, असं बघा, आणि डोक्यात घालून पट्टा बांधा, मग हेल्मेट धरून पुढून वर ढकला. सहज सरकलं तर साइज मोठा आहे. गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, नंतर अस्तर बसतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बदला, आतलं थर्मोकोल दबलेलं बाहेरून दिसत नाही. घरातल्या दोघांना एकच हेल्मेट, असं पण नको, डोकी वेगळी असतात.

दुसरी एक्स्टेन्शन बोर्ड. त्यावर ६ अँपिअर लिहिलं असेल तर तो साधारण १४०० वॅटपर्यंतच, मोबाईल लॅपटॉप टीव्हीला ठीक. इंडक्शन साधारण २००० वॅटचं असतं, हीटर पण कमी नाही, यांना भिंतीतला १६ अँपिअरचा मोठा सॉकेटच हवा. बोर्ड गरम लागला की टाकून द्या. टेप लावून वापरू नका.

बाकी पटापट. रेनकोट आतून उलटा करून शिवणीवर टेप आहे का बघा, नसेल तर दुचाकीवर पहिल्याच पावसात शिवणीतून पाणी आत येतं. छत्री काड्या बदलून मिळणारी घ्या, तीनघडीपेक्षा दोनघडीची जास्त टिकते. पांघरायला सोलापुरी चादर, तिला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं आहे, पहिले दोनतीन वेळा वेगळी धुवा कारण रंग जातो. अंघोळीच्या साबणावर टीएफएम, म्हणजे साबणातल्या स्निग्धाचं प्रमाण, वाचा, ७६ टक्के किंवा वर म्हणजे पहिला ग्रेड, आणि "बेदिंग बार" लिहिलेलं असेल तर तो साबणाच्या ग्रेडमध्ये येतच नाही. किराण्याच्या पाकिटावर एमआरपीजवळ ग्रॅमचा-किलोचा किंवा मिलीचा-लिटरचा दर छापलेला असतो, तो बघितला की कळतं मोठा पॅक खरंच स्वस्त आहे का, कधीकधी नसतो.

आणि बिल पक्कंच मागा, त्यावर मॉडेल आणि तारीख नीट लिहून घ्या. मशीनमधून निघणारं ते गुळगुळीत कागदाचं बिल काही महिन्यांत पुसट होतं आणि वॉरंटी मागायला जाल तेव्हा कोरा कागद हातात असतो, म्हणून दुकानातून बाहेर पडायच्या आधीच त्याचा फोटो काढून घरातल्या ग्रुपवर टाकून ठेवा.